तीन कोटी वर्षांची भेग संगणकात कशी मावते?

२८ मार्च २०२५ला म्यानमारमध्ये ७.७ तीव्रतेचा भूकंप झाला. साडेतीन हजारांहून जास्त माणसं त्यात गेली. त्या दिवशी एका सीसीटीव्ही कॅमेऱ्याने असं काही टिपलं, जे तोवर कधी चित्रित झालं नव्हतं. आधी सगळं थरथरतं. फाटक हलतं. आणि मग पलीकडची जमीन, तिच्यावर जे काही उभं आहे त्या सगळ्यासकट, एका बाजूला सरकते. क्योतो विद्यापीठातल्या संशोधकांनी तो व्हिडिओ फ्रेम-फ्रेम मोजून पाहिला. जमीन साधारण अडीच मीटर सरकली होती, आणि त्याला लागले १.३ सेकंद.

मी तो व्हिडिओ कितीतरी वेळा पाहिला. भूकंपाने पडलेली घरं आपण नेहमी पाहतो. पण ज्या जागी जमीन दुभंगते, ती जागा सरकतानाच पाहिली की अंगावर काटा येतो.

त्यानंतरच्या प्रत्येक बातमीत एक नकाशा होता आणि त्यावर एक लाल रेघ. नाव सगाइंग फॉल्ट, लांबी सुमारे १,४०० किलोमीटर. अशी रेघ आपण नकाशावरच्या नदीसारखी वाचतो: ती तिथे आहे, कायमचीच आहे. गैरसमज इथून सुरू होतो. त्या रेघेला जन्म आहे. ती वाढते, सरळ होते, फांद्या फोडते, आणि कधी कधी तिचं काम शेजारची दुसरी रेघ काढून घेते. हे घडायला लाखो, कोटी वर्षं जातात, म्हणून कुणाच्या डोळ्यांना ते दिसत नाही. ते दिसावं म्हणून भूशास्त्रज्ञ पृथ्वीचा एक तुकडा संगणकात उभा करतात आणि त्याला ढकलत राहतात.

## भ्रंश म्हणजे नेमकं काय

पृथ्वीचं वरचं कवच अनेक मोठ्या तुकड्यांचं बनलेलं आहे. त्यांना भूपट्ट म्हणतात, आणि ते वर्षाला काही सेंटिमीटर या वेगाने सरकत असतात. ज्या भेगेच्या दोन्ही बाजूंचे खडक एकमेकांना घासत सरकतात, ती भेग म्हणजे भ्रंश. शाळेच्या पुस्तकात याच गोष्टीला प्रस्तरभंग म्हटलेलं असतं आणि बातम्यांत फॉल्ट लाइन. मी पुढे भ्रंश हाच शब्द वापरतो.

भूपट्ट सावकाश आणि सतत सरकतात. भ्रंशावरचे खडक मात्र बहुतेक वेळ एकमेकांना घट्ट धरून असतात. मग ती हालचाल जाते कुठे? आजूबाजूचा खडक वाकतो. खडक वाकतो हे ऐकायला विचित्र वाटतं, पण मोठ्या अंतरावर तो लवचीक पट्टीसारखाच वागतो. १९०६ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या भूकंपात सॅन अँड्रियास भ्रंशाचा सुमारे ४७० किलोमीटरचा भाग फाटला. हॅरी फील्डिंग रीड यांनी भूकंपाआधीच्या आणि नंतरच्या जमीन-मोजण्या शेजारी ठेवल्या आणि १९१० मध्ये दाखवून दिलं, की कित्येक दशकं वाकत गेलेली जमीन त्या एका क्षणात झटक्याने सरळ झाली होती. भूकंपाबद्दल आज आपल्याला जे काही समजतं, त्याच्या मुळाशी हा विचार आहे.

याच भ्रंशावर, कॅलिफोर्नियाच्या कॅरिझो मैदानात वॉलेस क्रीक नावाचा एक ओढा आहे. तो टेकड्यांवरून सरळ खाली येतो. भ्रंशाच्या रेघेवर पोहोचला की काटकोनात उजवीकडे वळतो, रेघेला धरून १३० मीटर चालतो, आणि मग पुन्हा वळून आपल्या मूळ दिशेने निघून जातो. ओढ्याने वाट बदललेली नाही. त्याच्या खालची अर्धी जमीन सरकली आहे. हे १३० मीटर सरकायला सुमारे ३,७०० वर्षं लागली, म्हणजे वर्षाला साधारण ३४ मिलिमीटर. माणसाच्या साठ वर्षांत ही हालचाल दाराच्या उंचीएवढी होते.

आता एक साधा भागाकार करू. त्याच भ्रंशाने सुमारे २.३ कोटी वर्षांपूर्वीच्या एका ज्वालामुखीचे खडक कापून दोन भाग केले आहेत. एक भाग आज पिनॅकल्स राष्ट्रीय उद्यानात आहे, दुसरा नीनाक इथे, आणि दोघांमध्ये अंतर आहे सुमारे ३१५ किलोमीटर. वर्षाला ३४ मिलिमीटर या वेगाने एवढं अंतर कापायला साधारण ९३ लाख वर्षं पुरतात. खडक मात्र त्याच्या अडीच पट जुने आहेत. मग उरलेल्या काळात काय चाललं होतं? भूपट्ट तेव्हाही सरकतच होते. पण ती हालचाल या रेघेवरून पूर्ण होत नव्हती, ती दुसऱ्या भ्रंशांवर वाटली गेली होती. आज जी रेघ मुख्य आहे, ती नेहमीच मुख्य नव्हती.

## पायवाट जशी पडते

मोकळ्या गवताळ जागेतून माणसं जायला लागली की आधी कुणी कुठूनही जातं. गवत दहा ठिकाणी दबतं. जिथे थोडं जास्त दबलं तिथून जाणं सोपं, म्हणून पुढचा माणूस तिथूनच जातो, आणि त्यामुळे ते आणखी दबतं. काही महिन्यांनी एकच पायवाट उरते आणि बाकीच्यांवर पुन्हा गवत उगवतं. तिला कुणी आखलेलं नसतं.

भ्रंश असाच घडतो. खडक जिथे एकदा तुटला तिथे तो कमजोर होतो. दाणे भरडले जातात, भेगांत पाणी शिरतं, त्यातून मऊ मातीसारखी खनिजं तयार होतात. पुढचा ताण आला की तीच जागा आधी सुटते. उलट, ज्या भेगेवरची हालचाल थांबते, तिच्यात खनिजं साचून ती हळूहळू सांधली जाते.

हे घडताना पाहण्याची एक जुनी रीत आहे. दोन फळ्या कडेला कड लावून ठेवायच्या, त्यांवर ओल्या चिकणमातीचा जाड थर द्यायचा, आणि एक फळी दुसरीच्या कडेने सावकाश सरकवायची. रीडेल यांनी १९२९ साली या प्रयोगाचं वर्णन प्रसिद्ध केलं. आपल्याला वाटतं, मातीत फळ्यांच्या सांध्यावर सरळ एक चीर पडेल. तसं होत नाही. आधी तिरप्या, छोट्या, एकमेकींना समांतर अशा चिरा पडतात. सरकण्याच्या दिशेशी त्या साधारण १५ अंशांचा कोन करतात. फळी आणखी सरकली की त्या लांबतात, त्यांची टोकं एकमेकींकडे वळतात, मधले पूल तुटतात, आणि बऱ्याच उशिरा कुठे सगळ्या मिळून एक सलग रेघ होते. तोवर सुरुवातीच्या कितीतरी चिरा बाजूला पडलेल्या असतात.

पृथ्वीवर याच गोष्टी शेकडो किलोमीटरच्या मापात दिसतात. तुर्कस्तानातला उत्तर अॅनातोलियन भ्रंश पूर्वेकडे सुमारे सव्वा कोटी वर्षांपूर्वी सुरू झाला आणि पश्चिमेकडे वाढत गेला, म्हणून त्याचं पश्चिमेचं टोक वयाने लहान आहे. सॅन अँड्रियासची सुरुवात सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वी किनाऱ्याजवळ झाली, आणि सुमारे ६० लाख वर्षांपूर्वी कॅलिफोर्नियाचं आखात उघडू लागलं तेव्हा भूपट्टांची हद्द आतल्या बाजूला सरकली. ती पूर्ण स्थिर अजूनही नाही. दोन भूपट्टांमधली जवळजवळ पाचव्या ते चौथ्या हिश्श्याएवढी हालचाल आज सॅन अँड्रियासवर होतच नाही. ती होते पूर्वेकडे, वॉकर लेन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तुटक-तुटक भ्रंशांच्या पट्ट्यात. मातीच्या थरातल्या तिरप्या चिरा आठवा. वॉकर लेनचा नकाशा बघताना मला तरी त्याच दिसतात.

## मग संगणक कशाला?

चिकणमाती खूप शिकवते, पण तिला पृथ्वीसारखं तापवता येत नाही. आणि खडक कसा वागेल, हे सगळं तापमानावर अवलंबून असतं. वरचे दहा-पंधरा किलोमीटर खडक थंड असतो आणि तुटतो. त्याखाली तापमान ३०० अंश सेल्सिअसच्या पुढे गेलं की क्वार्ट्झ असलेला खडक तुटण्याऐवजी अतिशय सावकाश वाहू लागतो. घन असूनही वाहतो.

हे पटत नसेल तर डांबर बघा. क्वीन्सलँड विद्यापीठात १९२७ साली एका नरसाळ्यात घट्ट डांबर भरून ठेवलं. त्या डांबरावर हातोडी मारली तर त्याचे काचेसारखे तुकडे होतात. पण नरसाळ्यातून ते थेंब-थेंब गळतं, आणि सुमारे शंभर वर्षांत नऊच थेंब पडले आहेत. झटका दिला तर तुटतं, वेळ दिला तर वाहतं. भूकवचाच्या खालचा थर, ज्याला प्रावरण म्हणतात, तो या डांबरापेक्षा दहा हजार कोटी ते दहा लाख कोटी पटींनी घट्ट आहे. पण त्याच्यापाशी वेळ भरपूर आहे.

तेव्हा संगणकात ठोकळा बनवायचा तो असा: वर तुटणारा, खाली वाहणारा, खोल जाऊ तसा तापत जाणारा. त्याचे छोटे छोटे कप्पे पाडतात. प्रत्येक कप्प्याला काही आकडे देतात: तापमान किती, खडक कोणता, किती ताण सोसेल, आजवर किती तुटला आहे. मग संगणक प्रत्येक पावलाला तीन हिशेब जुळवतो. वस्तुमान कुठे नाहीसं होता कामा नये. प्रत्येक कप्प्यावर शेजाऱ्यांचा आणि गुरुत्वाचा जो रेटा आहे त्याचा तोल बसला पाहिजे. आणि उष्णता गरम भागाकडून थंड भागाकडे गेली पाहिजे. हे जुळलं की सगळं किंचित सरकवायचं, काही हजार वर्षं पुढे जायचं आणि पुन्हा तेच. या कामाच्या अॅस्पेक्ट आणि अंडरवर्ल्ड यांसारख्या प्रणाली मुक्त-स्रोत आहेत, कुणालाही उतरवून घेता येतात.

यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट माझ्या मते खडकाची आठवण. कप्प्यांमधून लाखो ठिपके सोडलेले असतात. ते खडकाबरोबर सरकतात आणि आपण किती मोडलो, याची नोंद बरोबर वाहतात. जितकी मोडतोड जास्त तितकं घर्षण कमी, हा नियम संगणकाला दिलेला असतो. पायवाटेचा नियम तो हाच. तो काढून टाकला तर मॉडेलमध्ये भ्रंश नीट तयारच होत नाहीत. सगळा ठोकळा नुसता पसरट वाकत राहतो.

## एक मॉडेल चालताना

पाचशे किलोमीटर लांबीचा ठोकळा घेतला आहे असं समजा. एक बाजू इकडे आणि दुसरी तिकडे, वर्षाला दोन-तीन सेंटिमीटर या वेगाने ओढायची. आत इकडेतिकडे काही कप्पे मुद्दाम किंचित कमजोर ठेवायचे, कारण खरा खडक कुठेच एकसारखा नसतो. पडद्यावर जिथे खडक जास्त वेगाने मोडतो तिथे गडद रंग दिसतो.

पहिली काही लाख वर्षं काहीच वेगळं दिसत नाही. मधला रुंद पट्टा नुसता फिकट रंगाने भरतो. मग त्या फिकटपणात बारीक शिरा उमटतात, डझनावारी. काही विझतात. दोन शिरांची टोकं जवळ आली की त्या एकमेकींना भिडतात, आणि भिडल्या की त्यांच्या आजूबाजूच्या शिरा मंदावतात, कारण ताण आता यांच्यावरून सुटायला लागलेला असतो. आणखी काही लाख वर्षांनी दोन-तीनच गडद रेघा उरतात. त्यांच्यात जिथे वळण आहे तिथे जमीन दाबली जाऊन डोंगर उचलला जातो. जिथे रेघ एक पाऊल बाजूला उडी घेते तिथे जमीन ताणली जाऊन खोलगट खड्डा पडतो. आणि मग एखाद्या वळणाला वळसा घालायचं सोडून भ्रंश ते वळण कापूनच टाकतो. नवी सरळ रेघ, आणि जुनं वळण बाजूला पडलेलं.

आता हाच ठोकळा, फक्त खालून जास्त गरम करून पुन्हा चालवायचा. या वेळी एक रेघ जिंकत नाही. बऱ्याच समांतर रेघा दीर्घकाळ काम वाटून घेतात. थंड, कणखर ठोकळ्यात हालचाल एका भ्रंशावर लवकर एकवटते, गरम आणि मऊ ठोकळ्यात ती पसरते. निसर्गात आपल्याला एकच निकाल मिळतो. कारण बदलून तोच प्रयोग पुन्हा करण्याची सोय फक्त मॉडेलमध्ये आहे.

## सेकंद आणि कोटी वर्षं, एकाच घड्याळात?

इथे खरी अडचण येते. एक कोटी वर्षांत सुमारे ३.१५ कोटी कोटी सेकंद असतात. भूकंपात भ्रंश फाटत जातो तो सेकंदाला दोन-तीन किलोमीटर वेगाने, म्हणजे ते पकडायला सेकंदाच्याही छोट्या अंशाची पावलं टाकावी लागतात. कोटी वर्षं त्या पावलांनी चालणं कोणत्याही संगणकाला शक्य नाही.

जागेचंही तसंच. हजार किलोमीटर लांब, पाचशे रुंद आणि शंभर खोल ठोकळ्याचे एक-एक किलोमीटरचे कप्पे पाडले तर ते होतात पाच कोटी. कप्प्याची बाजू अर्धी केली की कप्पे आठपट होतात, आणि वेळेची पावलंही छोटी करावी लागतात. शंभर मीटरच्या कप्प्यांसाठी पाच हजार कोटी कप्पे लागतील. आणि खऱ्या भ्रंशात प्रत्यक्ष घसरणारा थर कधी काही मीटरांचा, कधी त्याहून कितीतरी पातळ असतो.

म्हणून या क्षेत्रात दोन घराणी तयार झाली. एक कोटी वर्षांची मॉडेलं करतं आणि भूकंप सुटे-सुटे मोजत नाही, फक्त त्यांची सरासरी धरतं. दुसरं भ्रंशाचा आजचा आकार जसाच्या तसा घेतं आणि त्यावर हजारो वर्षांचे भूकंप एकामागून एक घडवतं. दुसऱ्या घराण्याचा मूळपुरुष म्हणजे १९६७ सालचं बरिज आणि नोपॉफ यांचं मॉडेल: स्प्रिंगांनी जोडलेले ठोकळे एका पृष्ठभागावरून ओढायचे. ठोकळे अडकतात, मग अचानक सुटतात. कधी एकटा ठोकळा सुटतो, कधी एकामुळे दुसरा आणि दुसऱ्यामुळे तिसरा.

नंतर घर्षणाचा नियम सुधारला. जड कपाट वर्षभर एका जागी उभं असलं की हलवायला जास्त जोर लागतो आणि एकदा हललं की सोपं जातं, हे सगळ्यांनी अनुभवलेलं आहे. जेम्स डीटरिक आणि अँडी रुइना यांनी खडकांबाबत हीच गोष्ट प्रयोग करून सूत्रात बसवली. दोन पृष्ठभाग किती वेळ चिकटून होते आणि आता किती वेगाने घसरत आहेत, या दोन्हींवर घर्षण ठरतं. आजच्या भूकंप-मॉडेलांच्या आत हे सूत्र असतं. दोन घराण्यांना एकत्र आणायचा प्रयत्नही जोरात आहे. त्यात घड्याळच लवचीक ठेवतात: सगळं शांत असताना संगणक वर्षा-वर्षांच्या उड्या मारतो, आणि भ्रंश सुटू लागला की आपोआप सेकंदाच्या अंशांवर उतरतो.

## तिथे खाली कुणी पाहिलंय?

हा आक्षेप रास्त आहे. भ्रंशाचे दहा किलोमीटर खोलीवरचे आकडे कुणी हातात घेऊन मोजलेले नाहीत. आणि दहा आकडे हवे तसे फिरवता आले तर मॉडेलकडून काहीही वदवून घेता येईल, ही शंकाही बरोबर आहे.

यावरचा उपाय असा, की मॉडेलला एकाच गोष्टीवर पास करायचं नाही. आज जमीन कुठे किती मिलिमीटर सरकते ते जीपीएस सांगतं. लाखो वर्षांत किती सरकली ते कापले गेलेले खडक सांगतात. डोंगर किती वेगाने उचलला गेला, हे त्याच्या खडकांतल्या खनिजांवरून कळतं. एखाद्या मॉडेलने जीपीएसचे आकडे अचूक दिले पण डोंगर भलत्याच जागी उभा केला, तर ते मॉडेल चुकलं.

कधी कधी विसंगतीच रस्ता दाखवते. प्रयोगशाळेत बहुतेक खडकांचं घर्षण ०.६ ते ०.८५ येतं. म्हणजे शंभर किलो वजनाने दाबलेला दगड सरकवायला साठ ते पंच्याऐंशी किलोचा जोर लागतो. सॅन अँड्रियासवर एवढं घर्षण असतं, तर लाखो वर्षांच्या घासण्याने त्या रेघेवरची जमीन आसपासच्या जमिनीपेक्षा गरम लागली असती. भोकं पाडून तापमान मोजलं, तर गरम पट्टा सापडलाच नाही. कित्येक दशकं हे कोडं होतं. याच भ्रंशावरच्या पार्कफील्ड गावाजवळ सुमारे तीन किलोमीटर खोल भोक पाडून भ्रंशातूनच नमुने वर आणले, तेव्हा दोन-तीन मीटर जाडीच्या पट्ट्यात सॅपोनाइट नावाची बुळबुळीत चिकणमाती निघाली. तिचं घर्षण जेमतेम ०.१५. मॉडेल करणारे लोक 'मोडलेला खडक फार कमजोर होतो' असं मानत होते. इथे तो कमजोर खडक हातात आला. अर्थात भ्रंशाचा तो भाग सावकाश सतत सरकणारा आहे. वर्षानुवर्षं अडकून मग झटक्याने सुटणाऱ्या भागांना हे उत्तर जसंच्या तसं लागू करता येत नाही.

## मग भूकंपाची तारीख का सांगत नाही?

कारण तारीख ठरवणाऱ्या गोष्टी मॉडेलपाशी नाहीत. आज भ्रंशाच्या कोणत्या मीटरवर नेमका किती ताण आहे, हे आधी माहीत असायला हवं, आणि ते मोजण्याचं साधन नाही. सुरुवातीच्या आकड्यात बारीक फरक केला की ठोकळ्यांच्या साध्या मॉडेलमध्येही पुढचा भूकंप दुसऱ्याच वेळी येतो.

पार्कफील्डने हे शिकवलं. तिथे १८५७, १८८१, १९०१, १९२२, १९३४ आणि १९६६ साली साधारण ६ तीव्रतेचे भूकंप झाले होते. सरासरी अंतर सुमारे २२ वर्षं. तेव्हा १९९३ संपायच्या आत पुढचा येईल असं जाहीर केलं गेलं, आणि तिथे उपकरणांचं दाट जाळं बसवलं गेलं. भूकंप आला २८ सप्टेंबर २००४ला, आणि इतकी उपकरणं असूनही त्याआधी खात्रीची पूर्वसूचना मिळाली नाही.

तारीख नाही, पण जागेबद्दल आणि शक्यतेबद्दल बरंच सांगता येतं. उत्तर अॅनातोलियन भ्रंशावर १९३९ पासून मोठे भूकंप होत गेले आणि त्यांचा कल पश्चिमेकडे सरकण्याचा होता. एका जागी ताण सुटला की भेगेच्या टोकापलीकडे तो वाढतो, हे गणित मांडून रॉस स्टाइन, आयकुत बार्का आणि डीटरिक यांनी १९९७ साली दाखवलं, की इझमितजवळ ताण वाढलेला आहे. १७ ऑगस्ट १९९९ला इझमितला भूकंप झाला आणि १७ हजारांहून अधिक माणसं गेली. जागा अगोदर कळली होती. दिवस कळला असता तर, हा विचार मनातून जात नाही. पण दिवस न कळताही, इमारतींपुरतं बोलायचं तर, जागा कळणं पुरेसं असतं.

## कोटी वर्षांचं गणित माझ्या सत्तर वर्षांत काय कामाचं?

भूकंप किती मोठा होणार, हे मुख्यतः भ्रंशाचा किती लांबीचा भाग एकदम फाटतो यावर ठरतं. आणि फाटणं कुठे थांबेल, हे भ्रंशाच्या आकारावर. वळणं, तुटलेले सांधे, बाजूला उडी घेतलेले टप्पे अशा जागी ते बहुधा अडखळतं. हे अडथळे कोटी वर्षांच्या वाढीतून उरलेले आहेत. तरुण भ्रंश तुटक असतो, जुना आणि भरपूर सरकलेला भ्रंश सरळ आणि सलग.

पण अडथळा म्हणजे भिंत नव्हे. १४ नोव्हेंबर २०१६ला न्यूझीलंडमधल्या कायकौरा इथे ७.८ तीव्रतेच्या एकाच भूकंपात डझनाहून जास्त भ्रंश फाटले. कॅलिफोर्नियाचा २००७ सालचा अंदाज करताना भ्रंशांचे ठरावीक तुकडे आपापले फाटतील असं धरलं होतं. पुढच्या अंदाजात अनेक भ्रंश एकत्र फाटण्याची शक्यता मोजली, तेव्हा ३० वर्षांत ८ किंवा त्याहून मोठ्या भूकंपाची शक्यता सुमारे ४.७ टक्क्यांवरून सुमारे ७ टक्क्यांवर गेली. २०१८ मध्ये एका अभ्यासगटाने वेगळ्याच मार्गाने, म्हणजे संगणकात हजारो वर्षांचे भूकंप घडवून, कॅलिफोर्नियातल्या धोक्याचा हिशेब केला, आणि तो त्या अंदाजाशी चांगला जुळला. दोन वेगळ्या वाटा एका जागी पोहोचल्या, हे मला कुठल्याही सुंदर चित्रफितीपेक्षा जास्त भरवशाचं वाटतं.

भ्रंशाचं वय भूकंपात कसं उतरतं, हे अलास्कात दिसलं. ३ नोव्हेंबर २००२ला तिथे ७.९ तीव्रतेचा भूकंप झाला. सुरुवात झाली ती आधी कुणी ओळखलेलाच नव्हता अशा एका छोट्या भ्रंशावर. तिथून फाटणं डेनाली या जुन्या, मोठ्या भ्रंशावर आलं आणि पूर्वेकडे दोनशेहून अधिक किलोमीटर गेलं. पुढे डेनाली भ्रंश वळतो. फाटणं त्याच्याबरोबर वळलं नाही. ते तोत्शुंडा नावाच्या दुसऱ्या भ्रंशावर गेलं. हा भ्रंश वयाने लहान आणि त्या दिशेने जास्त सरळ आहे. मॉडेलच्या पडद्यावर वळण कापून जाणारी नवी रेघ आपण पाहिली होती. ती वळण कापते ती अशा एकेका भूकंपातून.

या भूकंपाच्या वाटेवर अलास्काची तेलवाहिनी होती. १९७०च्या दशकात ती बांधताना भूशास्त्रज्ञांनी डेनाली भ्रंश कुठून जातो आणि एका भूकंपात तिथे जमीन किती सरकू शकते, हे अभियंत्यांना सांगितलं होतं: आडवी सुमारे सहा मीटर. कधी, ते कुणी सांगितलं नव्हतं. अभियंत्यांनी त्या टापूत नळ जमिनीत पुरला नाही. तो नागमोडी ठेवला आणि लांब आडव्या तुळयांवर असा टेकवला की खालची जमीन सरकली तरी नळ तुळईवरून घसरेल. तीस वर्षांनी भूकंप आला. त्या जागी जमीन चार मीटरांहून जास्त सरकली, काही आधार मोडले, नळ तुळयांवरून घसरला. तेलाचा थेंबही सांडला नाही.